माणिकप्पाच्या गळ्यातली सही

माझा थोरला भाऊ माणिकप्पा एका कंपनीचा चेअरमन होता. कंपनी म्हणलं की लोकायला वाटतं काचाची बिल्डिंग आन दाराला वॉचमन. आमची कंपनी म्हणजे जळकोटच्या अलीकडं रस्त्याच्या कडंला पत्र्याचं शेड, आत तूर-हरभरा चाळायची एक मशीन, एक वजनकाटा आन पाय मोडलेली खुर्ची. शेतकरी उत्पादक कंपनी. तीनशे बारा सभासद, दहा डायरेक्टर. तो, आमचा अण्णा, वारला तर हे डायरेक्टर लोक गावात सांगत फिरून राहिलेत की माणिकप्पा देवमाणूस होता, आमच्यातला हिरा गेला. हिरा जिता होता तवा हेच लोक तेला कागद्या म्हणायचे. कागद्या आला बघा, दार लावा. म्हणून मी लिवते.

मी शिवगंगा, तेची धाकटी बहीण. पाचवी शिकले. मालक वारल्यावर उदगीरहून माहेरी आले, तवापासून एकोणीस वर्सं अण्णाच्याच घरी हाय. अण्णा, उमाबाई वैनी आन मी, असं तीन माणसाचं घर. लेकी दिल्या घरी गेल्या.

कंपनी कशी निघाली ते बी सांगते. कुठल्या तरी योजनेचा साहेब गावात आला. म्हणला, दहा शेतकरी द्या, कंपनी करून देतो, सबसिडी हाय. सबसिडी म्हणल्यावर शेषेराव धुतलेले कपडे घालून पहिल्या लाइनीत बसला. शेषेराव म्हणजे आमच्या गावचा पुढारी, इलेक्शनला दोनदा पडला, तिसऱ्यांदा बी पडंल. आमचा चुलतभाऊ भीमाशंकर, टेंपोवाला, तेचं बी नाव घातलं. साहेब म्हणला एक बाई पायजे. बाई कोण, तर मी. मला वावरातून हाक मारून बोलवलं, हाताला माती होती, तशीच दस्तखत केली. पुन्हा कुणी मला इचारलं न्हाई की बाई तू कशाची डायरेक्टर हायेस.

पैली तीन-चार म्हयनं लई रुबाब होता. शेषेरावनं तर व्हिजिटिंग कार्ड छापून घेतलं. मंग कळलं की सबसिडीत मशीन येते, शेड येतं, खिशात काही येत न्हाई. आन वरून दरसाल सरकारला अहवाल द्यावा लागतो. कंपनी जिती हाय, वर्साची सभा झाली, हिशोब असा हाय, डायरेक्टर हे हे हाईत, असं सगळं लिहून कंप्युटरवरून पाठवावं लागतं. सलग तीन साल न्हाई पाठवलं तर सगळे डायरेक्टर पाच वर्सासाठी बाद, नाव यादीत लागतं, आन कंपनी बी खोडून टाकत्यात. हे ऐकलं की सगळ्यायचा चेहरा उतरला. एकेक जण मागं सरकला. शेषेराव म्हणला, "माणिकप्पा, तू दहावी हायेस, तुझं अक्षर चांगलं हाय, तूच चेअरमन हो." असा माझा भाऊ चेअरमन झाला. अक्षरावर.

माझा भाऊ बी कमी येडा नव्हता. तेला ते खरं वाटलं.

वर्साची सभा भरवायची तर माणसं येत न्हाईत. पहिल्या साली पंचवीस खुर्च्या मांडून बसला, तर तो, मी आन एक कुत्रं. दुसऱ्या साली तेनं डोकं लावलं. सोमवारी महादेवाच्या देवळात भजन असतंय, तवाच सभा ठेवली आन स्वतःच्या घरचा शिरा केला. वैनीनं आन मी चुलीवर पाच किलो रव्याचा शिरा भाजला. नियम असा की रजिस्टरवर सही केली की पत्रावळीवर शिरा. हात चिकट व्हायच्या आधी सही. लोक सही करायचे आन इचारायचे, "अण्णा, हे कशाचं हाय?" तो म्हणायचा, "तुमच्याच कंपनीचं." ते म्हणायचे, "अजून वाढा." सात वर्सं अशी सभा झाली. सरकारला काय माहीत की आमचा कोरम शिऱ्यावर भरतो.

ते झालं की रजिस्टर आन हिशोब पिशवीत घालून नांदेडला. नांदेडला जुन्या मोंढ्यात एका सीएचं ऑफिस हाय, तिथं वाजिदभाई म्हणून कामाला हाईत, तेच सगळे अहवाल भरत्यात. अण्णाचं तेच्याशी लई जमायचं. सकाळच्या एसटीनं जायचा, कंधारच्या स्टँडावर च्या प्यायचा, संध्याकाळी पावती घेऊन यायचा आन देव्हाऱ्यापाशी ठेवायचा. वैनी म्हणायची, "लेकीच्या लग्नाची पत्रिका इतकी जपली न्हाई."

आणखीन एक भानगड असायची. दर सप्टेंबरात परत्येक डायरेक्टरचं एक नूतनीकरण असतंय. ज्याच्या त्याच्या फोनवर नंबर येतो, तो सांगावा लागतो. अण्णा सगळ्यायला फोन लावायचा. शेषेराव म्हणायचा, "नंबर सांगितला की बँक रिकामी होती, मी व्हिडिओ बघितलाय." भीमाशंकर म्हणायचा, "गाडीवर हाव, मंग सांगतो," आन ते मंग आलंच न्हाई. मी घरातच असायची. अण्णा वसरीतून वरडायचा, "गंगे, नंबर आला का?" मी वाचायची, तो भरायचा. मला ठाऊक बी नव्हतं मी काय वाचून राहिले.

आता सहीचं सांगते, कारण सगळा तमाशा तिथंच झाला. कंप्युटरवर अहवाल जातो तवा पेनाची सही चालत न्हाई. बोटाएवढी एक कांडी मिळती, गाणे भरायच्या पेनड्राइव्हसारखी. ती कंप्युटरला लावली की सही होती. ती कांडी अण्णाच्या नावाची. एकदा ती शेडमधी हरभऱ्याच्या ढिगात पडली. अण्णा दोन दिवस हरभरा चाळत बसला आन माणसं बसून हसले. दुसऱ्यांदा शेषेरावच्या पोरानं मोबाइलला लावायला नेली, गाणे हाईत का बघायला. तवापासून अण्णानं ती गळ्यात बांधली.

आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग असतंय, शिवदोऱ्यात. अण्णानं वैनीकडून एक छोटी कापडी पिशवी शिवून घेतली, कांडी तेच्यात घातली आन ती पिशवी शिवदोऱ्यालाच बांधली. मी म्हणलं, "अण्णा, देवासंगं हे काय लोंबकळून ठेवलास?"

तो म्हणला, "दुसरा दोरा कशाला? गळा एकच हाय."

आंघोळीच्या वखताला काढायचा, पुन्हा बांधायचा. लोकायला वाटायचं पिशवीत इभूत हाय.

दोन साल अहवाल गेला न्हाई. एका साली शेषेरावला चेअरमन व्हायचं होतं म्हणून तेनं हिशोबाच्या कागदावर सही करू दिली न्हाई, सगळ्यायला फोडलं. चेअरमन तर झाला न्हाईच, कागद तसाच पडला. दुसऱ्या साली अण्णाची किडनी गेली. आठवड्यातून दोनदा उदगीरला डायलिसिस. डायलिसिसच्या खाटंवर पडून बी तो फोन करायचा, "शेषेराव, कागद, बाबा कागद." शेषेराव म्हणायचा, "तू आधी तब्येत बघ." तब्येत बघ म्हणजे कागद इचारू नको.

तिसरं साल लागलं तवा अण्णा भ्याला. मरणाला न्हाई भ्याला, यादीला भ्याला. म्हणायचा, "गंगे, यादीत नाव लागतंय. अपात्र म्हणून लागतंय. जल्मभर कुणाचं काही ठेवलं न्हाई आन अपात्र म्हणून लागायचं?" तीस सप्टेंबरला सभा घेतली. खुर्चीवर बसून घेतली, हाताला पट्टी होती. शिरा मी एकटीनंच भाजला. ह्या खेपंला शेषेरावनं सही केली, कारण वाजिदभाईनं फोनवर सांगितलं होतं की तिसरं साल चुकलं तर तुमचं बी नाव यादीत येतंय आन पुन्हा कुठल्याच कंपनीत, सोसायटीत बसताना लोक ती यादी काढून दाखवतील. तिन्ही सालचे कागद तयार झाले. सगळ्यावर अण्णाच्या हातची सही झाली. सोमवारी नांदेडला जायचं ठरलं. नोव्हेंबर आखिरपर्यंत मुदत होती, लई टाइम होता.

शनिवारी सकाळी च्या पिता पिता गेला. कप हातातच होता.

आमच्यात जाळत न्हाईत. आंघोळ घालून, इभूत लावून, मांडी घालून बसवत्यात आन तसंच बसलेलं खड्ड्यात उतरवत्यात, बेलपत्री घालून, मीठ घालून. आमच्याच वावरात, बांधाच्या वरच्या अंगाला. रामलिंग स्वामी आल्ते. आंघोळीच्या वखताला भीमाशंकरनं गळ्यातली पिशवी हातात धरली आन इचारलं, "हे काढू का?" स्वामी म्हणले, "शिवदोऱ्याला बांधलेलं काढत न्हाईत. देहाचं देहासंगं." सगळ्यायला वाटलं इभूतच हाय. वैनीला शुद्ध नव्हती. मी तिथंच उभी होते. मी बघत होते आन मला दिसलं न्हाई. कुणाला सांगू?

महिना होऊन गेल्यावर वाजिदभाईचा फोन आला. सुतकाचं म्हणून तो इतके दिस थांबला होता. पैले दोन मिन्ट नुस्तं "ताई, ताई" करत होता. मंग म्हणला, "ताई, अप्पांनी सह्या केलेले कागद घरीच असतील. मुदतीला पंधरा दिवस राहिलेत. ते टोकन कुठं हाय? ती सहीची कांडी?"

मी म्हणलं, "बघते." आन फोन ठेवल्यावर मला दिसलं कुठं हाय ते.

मी येडी, ते भीमाशंकरला बोलले. दुसऱ्या दिवशी दुपारी शेषेराव आन भीमाशंकर दोघं वसरीत येऊन बसले. महिनाभरात पैल्यांदा आले. डोस्क्यावर टोपी, चेहरा पाडून. च्या दिला. पाऊसपाणी झालं, उदगीरच्या डॉक्टरला शिव्या देऊन झाल्या.

मंग शेषेराव खाकरला. "अक्का, एक इचार हाय."

"बोल की."

"मुदत जवळ आली. तीनशे बारा कुटुंबाचा प्रश्न हाय."

"तीनशे बारा कवा मोजलास?"

"तसं न्हाई अक्का. माणिकप्पाची बी इच्छा तीच होती. आम्ही रामलिंग स्वामीला इचारलं. स्वामी म्हणले इधी करून उघडता येतं. थोडंच. गळ्यापर्यंतच."

मला आधी समजलंच न्हाई. मंग समजलं. गळ्यापर्यंत. बसलेलं माणूस, म्हणून वरून गळा जवळ पडतो. तेनी मोजून आल्ते.

मी म्हणलं, "खड्ड्यात हात कोण घालणार? तू?"

शेषेराव भीमाशंकरकडं बघून राहिला. भीमाशंकर च्याच्या कपाकडं.

"मजूर लावू ना अक्का," भीमाशंकर म्हणला. "रोजानं मिळतो."

"रोजानं. बरं. आन मजुरानं पिशवी काढून दिली की सही कोण करणार?"

"माणिकप्पाचीच हाय की सही," शेषेराव म्हणला. "तेच्या नावची हाय, तेच्या नावानंच जाईल. आपल्याला काही करायचं न्हाई."

आपल्याला काही करायचं न्हाई. सात वर्सं जित्या माणसाच्या मागं लपले, आता मेलेल्याच्या मागं लपून राहिलेत. मी इचारलं, "तुमच्यातल्या कुणाच्या नावानं नवी कांडी निघत न्हाई का?"

शेषेरावनं टोपी सारखी केली. मंग शेषेराव म्हणला, "निघती म्हणत्यात. पण अक्का, सही म्हणजे जबाबदारी आली. उद्या कुठं काही निघालं तर सही करणारा धरला जातो."

"म्हणजे धरला गेला तर माणिकप्पा धरला जावा."

"तो आता कुठं..." भीमाशंकर म्हणला.

मी तेला उठून हाणणार होते. पण तेवढ्यात वैनी आतून बोलली. महिनाभर ती कुणासंगं धड बोलली नव्हती. भिंतीला टेकून म्हणली, "उघडा. तेला कंपनीचीच काळजी होती. रातदिस कंपनी. तेचं काम तेलाच पुरं करू द्या."

दोघायच्या तोंडावर उजेड पडला. शेषेराव लगी म्हणला, "वैनी म्हणल्या म्हणजे झालं. गुरुवारी स्वामीला बोलवतो."

ते गेल्यावर मी वैनीला म्हणलं, "तू काय बोललीस तुला कळतंय का?"

वैनी म्हणली, "तेचं नाव त्या यादीत लागलं तर तो तिथं निजंल का? तूच सांग."

अण्णा यादीला किती भीत होता ते आम्हा दोघींलाच ठाऊक. कंपनी बुडाली असती तर शेषेरावला काय, तो दुसऱ्या योजनेत कपडे धुवून बसला असता. पण अण्णाचं नाव अपात्र म्हणून लागलं असतं. कंपनीच्या कागदावर तो अजून डायरेक्टरच होता, वारला हे कुणी सरकारला कळवलंच नव्हतं. मी वैनीला म्हणलं, "मला गुरुवारचा दिस दे. मी नांदेडला जाऊन इचारून येते. मी येईपर्यंत कुणाला बांधाच्या आत घेऊ नको." वैनी हाव बी म्हणली न्हाई आन न्हाई बी म्हणली न्हाई.

मी एकटी नांदेडला कवाच गेले नव्हते. अण्णाचे सही झालेले कागद, आधार, पॅन, पासबुक, घरात होतं नव्हतं तेवढं सगळं पिशवीत घालून पैल्या एसटीत बसले. वाजिदभाई पन्नाशीचा माणूस, डोळ्याला जाड चष्मा. मला बघून उठून उभा राहिला आन ऑफिसातल्या पोरीला पाणी आणायला सांगितलं. मी सगळं सांगितलं. कांडी कुठं हाय, मजूर लावून राहिलेत, सगळं. तेनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तौबा," म्हणला. "ताई, ती कांडी मिठात गेली. ती आता चालणार न्हाई. आन चालली तरी तेला पासवर्ड लागतो. पासवर्ड अप्पांच्या डोक्यात होता, कुणाला सांगत नव्हते. मला बी तोंड फिरवायला लावायचे. आन समजा पासवर्ड बी मिळाला, तर मेलेल्या माणसाची सही करणं गुन्हा हाय."

"पण कागदावर तेची सही हाय की."

"ती चालती. जिते असताना केली. पण पाठवणारा जिता पायजे, ताई."

म्हणजे उकरून काहीच निघणार नव्हतं. एवढं इचारायला एक फोन लागतो. तो बी त्या दोघायनं केला नव्हता. खड्डा सोपा वाटला तेनला, फोन अवघड.

तेवढ्यात माझा फोन वाजला. भीमाशंकर. "अक्का, मजूर आलाय. स्वामी बी आलेत. पण वैनी बांधावर बसून हाय, उठंना. तू जरा सांग की तिला."

वैनी बसली होती. मला रडू फुटलं, बोलताच येईना. वाजिदभाईनं फोन माझ्या हातातून घेतला आन स्पीकरवर टाकला.

"कोण, भीमाशंकर डायरेक्टर का? मी वाजिद, सीएच्या ऑफिसातून. ऐका. उकरलं तर खोट्या सहीची केस होती. पैलं नाव तिथं हजर असलेल्या डायरेक्टरचं. म्हणजे तुमचं. लिहून घेऊ का? टाइम काय झाला तिथं?"

मंग भीमाशंकर म्हणला, "मी न्हाई हो साहेब, मी इथून चाललो होतो. शेषेरावनं बोलवलं म्हणून थांबलो." फोन कट. पुन्हा तेनं त्या वावराकडं पाय वळवला न्हाई. मजुराला रोज बी दिला न्हाई, तो वैनीनं दिला.

मी डोळे पुसले आन वाजिदभाईला इचारलं, "मंग आता कोण पाठवू शकतं?"

तेनं कंप्युटरवर आमच्या कंपनीचं पान काढलं. दहा नावं. म्हणला, "कुणी बी डायरेक्टर. हे बघा, शेषेराव, नूतनीकरण न्हाई, म्हणून डायरेक्टरचा नंबर बंद. भीमाशंकर, बंद. हे बंद, हे बी बंद. दंड भरला तर चालू होतो, पण तेनला म्हणावं लागंल." मंग बोट खाली सरकवलं. "शिवगंगा. चालू. एक बी साल चुकलं न्हाई."

मी म्हणलं, "ती तर मी."

"हाव. अप्पा दरसाल करून घ्यायचे तुमचं. तुमच्याच नावानं कांडी काढू. करता?"

मला खरं सांगते, भ्या वाटलं. धरला जातो म्हणत होता शेषेराव, तेच डोस्क्यात आलं. मी इचारलं, "कागदात काही खोटं हाय का?"

वाजिदभाई म्हणला, "ताई, अप्पांनी एका सालात वजनकाट्याच्या दुरुस्तीची पावती हरवली होती, तर ते तीन खेपा मारून दुकानदाराकडून दुसरी घेऊन आले. तेवढं खरं कागदात मी कुठं बघितलं न्हाई."

"मंग काढा."

कांडी काढायला मोबाइलमधी बघून बोलावं लागतंय, व्हिडिओ निघतो. माझं नाव अमुक, मी सहीसाठी अर्ज करून राहिले. पैल्या खेपंला मी रडले, तेनी म्हणले चालत न्हाई, चेहरा सरळ ठेवा. दुसऱ्या खेपंला पदर डोक्यावर होता, कान दिसंना. तिसऱ्याला झालं. तीन दिवसानं पुन्हा बोलवलं. ह्या खेपंला माझ्या नावाची कांडी टेबलावर होती. हलकी हाय. मला वाटलं होतं जड असंल.

मी म्हणलं, "चला, तिन्ही साल पाठवून टाका."

वाजिदभाई म्हणला, "आधी दुसरं एक लागतं ताई. आधी कळवावं लागतंय की अप्पा न्हाईत. न्हाईतर आजच्या तारखेला ते डायरेक्टर दिसत्यात आन अहवालाशी जुळत न्हाई."

कंप्युटरवर एक फॉर्म उघडला. त्यात अण्णाचं नाव, खाली इचारलेलं की पद कामून सुटलं. तेनं दाबलं तर चार-पाच कारणं खाली लोंबली. राजीनामा. काढून टाकलं. अपात्र. मृत्यू. अपात्रच्या खालीच मृत्यू होतं, एका बोटाच्या अंतरावर. वाजिदभाईनं माऊस माझ्याकडं सरकवला. म्हणला, "मी दाबतो, पण सही तुमची हाय म्हणून तुम्हाला दाखवतो." मी म्हणलं मीच दाबते. तेनं माझं बोट धरून माऊसवर ठेवलं न्हाई, नुस्तं सांगितलं, "हळू दाबा." तारीख लिवली. मृत्यूचा दाखला लावला. कांडी लावली, पासवर्ड टाकला. तेनं तोंड फिरवलं. गेलं.

मंग तिन्ही साल गेले. उशिराचा दंड लागला, कंपनीनंच भरला, तेचं रडगाणं मी गाणार न्हाई. पावत्या छापून हातात आल्या तवा मी इचारलं, "हे आता तिकडं कोण वाचतंय?"

वाजिदभाई हसला. "कुणी न्हाई ताई. बावीस वर्सं झाली मला, एकदा बी कुणी वाचून फोन केला न्हाई. न्हाई पाठवलं तरच बघत्यात."

असं हाय सरकार. ज्या कागदासाठी माझा भाऊ शिरा भाजायचा, हरभरा चाळायचा, गळ्यात कांडी बांधून डायलिसिसला जायचा, तो कुणी वाचत बी न्हाई. आन इकडं हे डायरेक्टर. वरचे आन खालचे एकाच मापाचे.

गावात उतरले तर स्टँडवरच्या हॉटेलात शेषेराव चार माणसं जमवून बसला होता. तेला वाजिदभाईच्या ऑफिसातून कळलं होतं. मला बघून जोरात म्हणला, "या अक्का! सांगत होतो सगळ्यायला, आपण सगळ्यायनं मिळून कसं कंपनीला वाचवलं. धावपळ झाली, पण झालं. माणिकप्पाचा आत्मा शांत झाला असंल."

मी म्हणलं, "शेषेराव, तुझा डायरेक्टरचा नंबर बंद हाय. कंप्युटरवर लाल दिसतो. नांदेडच्या ऑफिसात सगळ्या बाया बघत होत्या."

तेच्या हातातला च्या तसाच राहिला. बाकीचे चौघं लाल म्हणजे काय ते इचारायला लागले तेला. मी थांबले न्हाई.

घरी वैनी दारातच होती. पायाला वावरातली माती लागलेली. ती रोज दुपारी तिथं जाऊन बसती आता. म्हणली, "गेलं का?"

"गेलं. तिन्ही बी गेले."

"यादीत?"

"न्हाई लागत आता. कुणाचंच न्हाई लागत."

वैनीनं पदरानं तोंड पुसलं. मंग इचारलं, "तेचं नाव हाय का अजून तिथं, कंप्युटरवर?"

"हाय. पुढं तारीख लिवली. वारल्याची."

"तू लिवलीस?"

"हाव."

तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली. म्हणली, "बरं झालं घरच्या माणसानं लिवली. जा, हातपाय धू. भाकरी गरम हाय."